भुताचं काय बिघडतंय!

बिघडलेल्या पदार्थापुढे आपल्या स्वयंपाकघरात दोनच वाटा असतात. एक, घरच्यांनी तो मुकाट्याने गिळायचा. दुसरी, त्याचं बारसं पुन्हा करायचं. न थिजलेली वडी वाटीत घालून चमच्याने खायचा हलवा म्हणून खपवली जाते, न फुगलेल्या पुरीला ‘मुद्दाम कडक तळलीय’ असं प्रमाणपत्र मिळतं आणि लाडू फुटेनासा झाला की ‘टिकाऊ झालाय’ म्हणून त्याचं कौतुक होतं. दोन्ही वाटा लाजेच्या. अमेरिकेत मात्र वर्षातून एक दिवस असा उगवतो की त्या दिवशी पदार्थ बिघडणं ही पात्रता मानायला हरकत नसते. तो दिवस म्हणजे ३१ ऑक्टोबर, हॅलोवीन. आणि तो पदार्थ म्हणजे मुलांच्या शाळेतल्या पार्टीसाठी घरी केलेला भीतीदायक खाऊ. चेटकिणीची बोटं, पट्ट्यांत गुंडाळलेल्या ममी, अंड्याच्या पांढऱ्याची भुतं, चॉकलेटच्या मातीतून वर येणारे किडे. हा खाऊ नीट जमावा म्हणून तिथले आईबाप आदल्या रात्री जागरण करतात, यूट्यूब थांबवून थांबवून पाहतात आणि पहाटे एकमेकांशी बोलेनासे होतात. माझं म्हणणं असं आहे की ही सगळी मेहनत उलट्या दिशेने चालली आहे. हा खाऊ जितका कमी जमेल तितका चांगला आणि फारच सुबक जमला तर तो फसला असं खुशाल समजावं.

पुराव्यासाठी चेटकिणीच्या बोटांचंच घ्या. लोणी, पिठीसाखर, अंडं, मैदा, व्हॅनिला. म्हणजे साहित्य पाहिलं तर ही नानकटाईची परदेशात स्थायिक झालेली चुलत बहीण. पिठाची वळकटी करंगळीहूनही बारीक वळायची, कारण ओव्हनमध्ये ती फुगते. दोन ठिकाणी हलकी चिमटून पेरं काढायची, पेरांवर सुरीच्या बोथट बाजूने तीन-तीन सुरकुत्या ओढायच्या आणि टोकाला सोललेला बदाम नख म्हणून दाबून बसवायचा. भाजून झाल्यावर बदाम अलगद उचलून खाली लाल जॅमचा ठिपका द्यायचा आणि बदाम पुन्हा दाबायचा. नखाच्या कडेने रक्त येतं. हे झालं कृतीतलं. प्रत्यक्षात लोणी जरासं जास्त मऊ राहिलं की बोट ओव्हनमध्ये हातपाय पसरतं. करंगळी म्हणून आत गेलेली वस्तू पायाचा अंगठा होऊन बाहेर येते. पेरं बुजतात, सुरकुत्या भलतीकडे जातात, बदाम कलंडतो. नानकटाईवर हा प्रसंग आला असता तर डबा पाहुण्यांच्या नजरेआड मागच्या फळीवर गेला असता. पण जिने आयुष्यभर कढईत बेडूक ढवळले, तिची बोटं सरळ राहतील कशी? संधिवाताने वाकलेलं, अर्धं नख उपटलेलं, सुजलेलं बोट हेच चेटकिणीचं खरं बोट. एका मापाची, गुळगुळीत, नितळ बोटं ताटात मांडली तर ती हँडक्रीमच्या जाहिरातीतल्या बाईची वाटतात आणि त्यांना कोणीही भीत नाही.

हा न्याय एका बोटापुरता नाही. अंड्याचं पांढरं साखर घालून घट्ट फेसायचं, पिशवीतून दाबून त्याचे शेंडीवाले ढीग घालायचे आणि ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास दीड-दोन तास सुकवायचे, की मेरँगची भुतं होतात. हवेत दमटपणा असला की साखर ओलावा ओढून घेते. भुतं घामेजतात, खांदे पाडतात, शेजारच्यावर रेलतात. बेकरीत याला माल खराब झाला म्हणतात. भुताला मात्र पडलेले खांदे शोभतात. ताठ कण्याचं तजेलदार भूत पाहिलं की हे अजून मेलेलंच नाही अशी शंका येते. कोळ्याच्या जाळ्याचं अंडं तर अपघातावरच उभं आहे. उकडलेल्या अंड्याचं कवच ठिकठिकाणी आपटून तडकवायचं, ते अंडं काळ्या रंगाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायचं आणि सकाळी सोलायचं. तड्यांतून झिरपलेल्या रंगाचं पांढऱ्यावर जाळं उमटतं. चिनी चहाअंड्यांची ही जुनी रीत. उकळताना अंडं फुटलं म्हणून जी बाई एरवी स्वतःवर चिडते, तिला इथे दोन अंडी जास्त फोडायची मुभा आहे. ममीचंही तेच. सॉसेजभोवती किंवा शाकाहारी घरात पनीरच्या कांडीभोवती पिठाच्या पट्ट्या गुंडाळतात. भाजताना त्या सुटतात, फाटतात, मधून आतला ऐवज डोकावतो. तीन हजार वर्षं कबरीत काढलेल्या गृहस्थाची बँडेजं इस्त्रीची असावीत ही अपेक्षाच अवाजवी. आणि अर्धं केळं उभं करून त्याला चॉकलेटच्या दाण्यांचे डोळे लावले तर तासाभरात ते काळवंडतं. इतर कुठल्याही समारंभात काळं केळं पुढे करणं हा पाहुण्याचा अपमान; इथे भूत चांगलं मुरलं असं म्हणायचं.

अर्थात बिघडलेलं सगळंच भीतीदायक होतं असं नाही. काही गोष्टी नुसत्याच बिघडलेल्या असतात. करपलेलं बिस्कीट हे करपलेलं बिस्कीटच. ते पुढे करून ‘हा हॅलोवीन आहे’ असं सांगणारा माणूस आळशी, कलावंत नव्हे. बिघडलेल्या पदार्थाला भूतयोनीत नेण्याचं काम दोन डोळे करतात. माणसाच्या मेंदूला चेहरे शोधण्याची खोड आहे. भिंतीवरच्या ओलीत, ढगात, मोटारीच्या दिव्यांत, विजेच्या खोबणीतसुद्धा त्याला कोणीतरी आपल्याकडे बघताना दिसतं. दोन ठिपके शेजारी आले की तो उरलेलं तोंड स्वतः भरून घेतो. म्हणूनच अमेरिकन दुकानांत साखरेचे तयार डोळे बाटलीत भरून विकतात आणि ऑक्टोबर महिन्यात ते करपलेल्या केकपासून फसलेल्या पुडिंगपर्यंत अनेकांची अब्रू झाकतात. पण इथेही मेख आहे. दोन्ही डोळे एका रेषेत, समान अंतरावर बसवले तर पदार्थ गोंडस दिसतो आणि मुलं त्याला ‘क्यूट’ म्हणून मोकळी होतात. एक जरा वर, एक जरा खाली, एक दाराकडे आणि दुसरा छताकडे बघणारा असा बसवला की मग त्या पदार्थाला काहीतरी ठाऊक आहे असं वाटू लागतं. म्हणजे डोळे बसवतानाही हात चुकलेला बरा.

आता पहिला आक्षेप. पदार्थ किळसवाणा दिसला तर तो खाणार कोण? आक्षेप वजनदार आहे आणि त्याच्या पाठीशी विद्यापीठ आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी किळस या विषयाला अनेक वर्षं वाहून घेतलं. १९८६ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात मोठ्या माणसांपुढे चॉकलेट फजचे दोन तुकडे ठेवले होते. एकाचा आकार साधा, दुसऱ्याचा कुत्र्याच्या विष्ठेचा. दोन्ही एकाच फजचे आहेत हे समोरच्यांना ठाऊक होतं. तरी दुसऱ्या तुकड्याकडे हात जाईना. बुद्धी चॉकलेट म्हणत होती, पण गळा ऐकत नव्हता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात त्यांच्या चमूने अगदी लहान मुलांपुढे पीनट बटर आणि उग्र वासाचं चीज यांची बनावट विष्ठा ठेवली. अडीच वर्षांच्या आतल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी ती खाऊन टाकली. ज्यांच्या घरात या वयाचं मूल आहे, त्यांना हा निष्कर्ष काढायला विद्यापीठात जावं लागलं नसतं; आणि आज हाच प्रयोग कुठल्या पाळणाघरात करू म्हटलं तर विष्ठेला कोणी हरकत घेण्याआधी पीनट बटरला घेतील. मुद्दा असा की मोठ्यांना आकार खाऊ देत नाही आणि तान्ह्यांना आकाराशी घेणंदेणं नसतं.

शाळेतलं मूल या दोघांच्या मधल्या पायरीवर उभं असतं आणि हॅलोवीनचा खाऊ त्या पायरीसाठीच जन्माला आला आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला बोट म्हणजे काय हे कळतं, रक्त म्हणजे काय हे कळतं आणि हे दोन्ही इथे खोटं आहे हेही कळतं. आपल्याला कळलंय हे दाखवण्यासाठी ते खातं. मित्राच्या डोळ्याला डोळा भिडवून चेटकिणीचं नख कुरकुर चावणं हा त्या वयातला पराक्रम असतो. आणि या पराक्रमाला खोटेपणा दिसावा लागतो. बोट जर हुबेहूब झालं, रंग, पेर, नख सगळं खऱ्यासारखं साधलं, तर मूलसुद्धा रोझिन यांच्या फजपाशी येऊन अडकतं आणि ताट भरलेलं परत येतं. पसरलेल्या, कलंडलेल्या, घरगुती बोटात मात्र बिस्कीट उघड दिसतं. बोट आहे एवढं कळण्याइतपत बोट आणि बिस्कीट आहे हे विसरता न येण्याइतपत बिस्कीट. हा तोल निष्णात कलाकाराला मुश्किलीने साधतो. धांदलीत केलेल्या आईला तो आपसूक साधतो. म्हणून पहिल्या आक्षेपाने माझी बाजू पडत नाही, उलट तिला टेकू मिळतो.

दुसरा आक्षेप सौंदर्यदृष्टीचा. गृहसजावटीच्या अमेरिकी गुरू मार्था स्टुअर्ट यांच्या मासिकाने हॅलोवीनचे खास अंक काढून वटवाघळांनासुद्धा सुरुचीचं वळण लावलं आणि २०१० साली पिंटरेस्ट हे चित्रं जमवण्याचं संकेतस्थळ सुरू झाल्यावर तर दुसऱ्याच्या ओट्यावरची सुबक भुतं घरबसल्या दिसू लागली. वर्गातल्या कोणाची तरी आई साखरेच्या लगद्याचं कबरस्तान घेऊन येते, त्यात प्रत्येक थडग्यावर एकेका मुलाचं नाव असतं आणि गवताचं पातंन् पातं वेगळं असतं. (वीस मुलांना स्वतःच्या नावाचं थडगं वाटणं हा शिष्टाचारात कुठे बसतो, हे कोणी विचारत नाही.) अशा ताटाशेजारी आपली पसरलेली बोटं ठेवायला लाज वाटणार, हे मान्य. पण ती लाज मोठ्यांना मोठ्यांची वाटते. त्या कबरस्तानाचे फोटो निघतात, रूम मॉम, म्हणजे वर्गाच्या पार्टीचा कारभार बघणारी आई, त्याला हात लावू देत नाही, बाई ‘इतकं सुंदर आहे की कापवत नाही’ म्हणतात आणि पार्टी संपते. खाऊची पहिली अट तो खाल्ला जावा ही असेल, तर ‘कापवत नाही’ हा शेरा नापासाचा आहे. सुबकपणा फोटोसाठी उत्तम असतो याबद्दल वाद नाही. पण भुताची आणि सुबकपणाची सोयरीक कोणी जुळवली हे एकदा विचारायला हवं. हॅलोवीनला आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत आल्यावर त्यांना सोपा, मोठा भोपळा सापडला. ते जुने कोरीव सलगम डोळ्यांपुढे आणावेत: वेडेवाकडे दात, खोल गेलेले डोळे, सुकून आक्रसलेली कातडी. सौंदर्यस्पर्धेत ते शेवटून पहिले येतील. भीतीच्या परीक्षेत आजही त्यांना कोणी हरवू शकत नाही.

तिसरा आक्षेप भीतीचाच, पण खऱ्याखुऱ्या भीतीचा. घरी केलेलं खाणं सुरक्षित कशावरून? हा प्रश्न अमेरिकेत पूर्वी नव्हता. दुसऱ्या महायुद्धातलं साखरेचं रेशनिंग १९४७ मध्ये संपलं, हॅलोवीनला मुलांनी दारोदार फिरून खाऊ मागण्याची प्रथा देशभर फोफावली आणि तेव्हा दारात मिळायचे ते घरचे पॉपकॉर्नचे लाडू, पाकातली सफरचंदं, कुकीज. पुढे सफरचंदात ब्लेड घालणाऱ्या आणि गोळ्यांत विष कालवणाऱ्या अनोळखी विकृतांच्या गोष्टी पसरल्या आणि घरच्या खाऊला दारं बंद झाली. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने जेराल्ड होरिउची यांच्याबरोबर १९५८ पासूनच्या वर्तमानपत्रांतल्या अशा बातम्या तपासल्या आणि १९८५ साली निष्कर्ष मांडला: अनोळखी माणसाने दारात दिलेल्या खाऊने मूल दगावल्याचं किंवा गंभीर जखमी झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. बेस्ट त्यानंतरही वर्षानुवर्षं हा हिशेब ठेवत आले. उत्तर बदललं नाही. टेक्सासमधल्या डियर पार्क इथे १९७४ साली एक मूल खरंच विषाने मेलं. पण विष देणारा त्याचा सख्खा बाप होता, हेतू विम्याच्या पैशाचा होता आणि विष कारखान्यात तयार झालेल्या गोड पावडरीच्या नळीत भरलेलं होतं. म्हणजे मूल खरंच दगावलेल्या या गुन्ह्यात घरचा पदार्थ नाही आणि अनोळखी माणूसही नाही. त्या रात्रीचा खरा धोका रस्त्यावर असतो: १९७५ ते २०१६ या काळातल्या अपघातांचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की हॅलोवीनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचं प्रमाण आसपासच्या दिवसांपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त होतं. ब्लेड शोधायला सफरचंद चिरणारा बाप मुलाला काळ्या झग्यात, काळ्या रस्त्यावर, मुखवट्याने डोळे झाकून सोडतो. भीतीला हिशेब कळत नाही, त्याचं हे उदाहरण.

चौथा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्यावर थट्टा करण्यात अर्थ नाही: ॲलर्जी. फूड ॲलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन या संस्थेच्या अंदाजाने अमेरिकेत साधारण १३ मुलांमागे एकाला खाण्याची ॲलर्जी असते; म्हणजे २५ मुलांच्या वर्गात सरासरी दोन. अमेरिकी कायद्याने नऊ प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ ठरवले आहेत: दूध, अंडं, मासे, कवचवाले जलचर, बदाम-अक्रोडांसारखा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोया आणि २०२३ पासून तीळ. आता चेटकिणीच्या बोटाकडे पुन्हा बघा. लोण्यात दूध, पिठात गहू, शिवाय अंडं, नखात बदाम. नवांपैकी चार पदार्थ एका बोटात. चेटकीण इतकी घातक असते हे आजवरच्या गोष्टींनीही सांगितलं नव्हतं. नख बदलून भोपळ्याची हिरवी बी लावता येते आणि ते नख उलट जास्त किळसवाणं दिसतं. पण उरलेले तीन राहतातच. सरकारी जेवण योजनेतल्या शाळांना पार्टीला आणल्या जाणाऱ्या खाण्याबद्दलही २०१६ च्या नियमानुसार धोरण ठरवावं लागतं आणि अनेक शाळा-जिल्ह्यांनी सरळ लिहून टाकलंय: बंद पाकीट, वर छापील साहित्ययादी, घरचं काही नको. यात खोट काढता येत नाही. आईच्या हाताला चव असते, पण तिच्या हाताला लेबल नसतं. माझी कुरकुर एवढीच की या नियमाच्या आडोशाला ब्लेडची खोटी भीती आणि ॲलर्जीची खरी भीती अशा दोन्ही एकाच पांघरुणात झोपल्या आहेत आणि बंद पाकीट दिसलं की दोघींचं समाधान झालं असं समजलं जातं.

या सगळ्यात तिथल्या मराठी घरांची पंचाईत दुहेरी, कारण ऑक्टोबरच्या शेवटाला अनेकदा दिवाळी टेकते. २०२४ साली तर कहर झाला: नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच आले. न्यूयॉर्क शहरातल्या सार्वजनिक शाळांना दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, दिवाळीची पहिलीवहिली सुट्टी मिळाली खरी, पण पार्टी आदल्या दिवशीच होती. नरकचतुर्दशीला पहाटे कारिट अंगठ्याखाली फोडून त्याचा कडू रस जिभेला लावणारा आणि गोव्यात गावोगाव नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे जाळणारा समाज ‘हे भुताखेतांचं काय नवीन खूळ!’ असं म्हणतो तेव्हा गंमत वाटते. फळाला राक्षस समजून चिरडणं आणि बिस्किटाला बोट समजून चावणं यांत फार मोठं अंतर नाही. खरा फरक परीक्षकांत आहे. फराळाचे परीक्षक निर्दय. चकलीला काटा हवा, करंजीला पापुद्रे हवेत, चिवडा कुरकुरीत हवा, पण करपलेला नको. अनारसा तुपात हसला तर घरातलं दुसरं कोणी हसत नाही. व्हिडिओ कॉलवर सासूबाई ‘छान झाल्यात हो’ म्हणतात, त्यातल्या ‘हो’ची लांबी सगळं सांगून जाते. ज्या बाईने हा आठवडा काढला, तिला त्याच आठवड्यात अशी एक पाककला भेटते जिच्यात काटा मोडलेल्या चकलीला जास्त गुण आहेत. आणि तिथेही ती सवयीने काटे मोजत बसते, ही खरी शोकांतिका.

कोणी म्हणेल, मग फसलेला फराळच पार्टीला का पाठवू नये? कल्पना मोहक आहे. तळताना तुटलेल्या चकलीला दोन डोळे लावले की जखमी साप तयार, उकललेल्या करंजीतून सारण बाहेर लोंबतंय म्हणजे राक्षसाचं पोट फुटलं. पण चकलीत तीळ असतात आणि तीळ आता नवांच्या यादीत. ओल्या किंवा सुक्या खोबऱ्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ च्या जानेवारीत सुकामेव्याच्या यादीतून मोकळं केलं, म्हणून सारण निम्मं सुटलं. पण करंजीची पारी रवा-मैद्याची, म्हणजे गहू आलाच आणि वर साजूक तुपातलं दूध. दुसरीकडे बंद पाकिटातल्या ज्या गोष्टी शाळेला निर्धोक वाटतात, त्यांतल्या चिकट किड्यांत आणि मार्शमेलोत बहुधा जिलेटिन असतं. ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं, म्हणून शाकाहारी मराठी आई दुकानात चष्मा लावून लेबल वाचत उभी राहते. जिला किड्यांचा आकार चालतो, तिला त्यांतलं जिलेटिन चालत नाही. तिच्या सुदैवाने पेक्टिनचे शाकाहारी किडेही आता मिळतात. लाल रंगाचीही तीच तऱ्हा. रक्तासाठी वापरला जाणारा रेड नंबर ३ हा रंग खाण्यात वापरण्याची परवानगी २०२५ मध्येच रद्द झाली आहे आणि उत्पादकांना त्यासाठी मुदत दिली आहे. बिटाचा रस त्याहून खरा. फक्त तो पांढऱ्या शर्टावरून जात नाही. रक्ताच्या बाबतीत ही तक्रार कोणी करू नये.

सगळे आक्षेप जमेस धरले तर माझ्या युक्तिवादाला एका ठिकाणी माघार घ्यावी लागते: घरच्या ओव्हनमध्ये बिघडवलेला खाऊ शाळेच्या दारातून आत जाईलच असं नाही. पण माघार ओव्हनपुरती आहे, बिघडवण्यापुरती नाही. नियमाला हवं ते लेबल. आकार कोणी द्यायचा याबद्दल नियम गप्प आहे. तेव्हा पालकांनी वर्गातल्या ॲलर्जीची यादी रूम मॉमकडून घ्यावी, तिच्यात बसतील अशी बंद पाकिटं आणावीत: पुडिंगचे डबे, चुरायला काळी बिस्किटं, किडे, साखरेचे डोळे. ती मुलांपुढे ठेवावीत आणि भिंतीला टेकून उभं राहावं. छोट्या संत्र्यांवर सालासकट चेहरे काढायला मार्कर द्यावेत. भोपळा तयार होतो आणि फळाला हातही लागत नाही. ज्या मुलाला यातलं काहीच चालणार नाही, त्याच्यासाठी टील पम्पकिन या उपक्रमाने २०१४ पासून देशभर रुजवलेली रीत आहेच: खाऊऐवजी खेळणं, भिंगरी, प्लास्टिकचा कोळी. आणि मग पाहावं. बिघडवणं ही कला मानली, तर सात वर्षांचं मूल तिच्यातलं उस्ताद आहे. त्याचा हात मुळातच सरळ जात नाही, त्याला माप ठाऊक नसतं, एका भुताला तीन डोळे का नकोत हे त्याला पटत नाही आणि पुडिंगमध्ये किडा बुडवताना त्याची बाही कोपरापर्यंत आत जाते. आदल्या रात्री दोन प्रौढांनी जागून जे साधलं नसतं, ते त्याला दहा मिनिटांत साधतं आणि स्वतः केलेलं असल्यामुळे ते खाल्लंही जातं. कारखान्याच्या पाकिटाला घरचेपण येतं ते असं, पोराच्या चिकट बोटांनी. पालकांनी फक्त एक पथ्य पाळावं: कलंडलेला डोळा सरळ करायला हात पुढे करू नये.